सिद्धेश्वरच्या पाण्यात कोणती चिलापी?

पावसाळा तोंडावर आला की मराठवाड्यातील वर्तमानपत्रांतून धरणांच्या साठ्याची कोष्टके छापून येऊ लागतात, आणि ज्या वर्षी त्या कोष्टकात सिद्धेश्वरच्या नावापुढे शून्य टक्के असा आकडा पडतो, त्या वर्षी वाचणाऱ्याची सहजच अशी समजूत होते की पूर्णा नदीवरील हा सहा किलोमीटरांहून अधिक लांबीचा बांध आता केवळ कोरड्या जमिनीची राखण करीत उभा आहे. वस्तुस्थिती तशी नसते. या धरणाची मूळ साठवणक्षमता सुमारे २५१ दशलक्ष घनमीटर असून त्यापैकी कालव्यांना व नळयोजनांना हिशेबाने देता येण्याजोगा जिवंत साठा अवघा ८०.९६ दशलक्ष घनमीटर आहे. म्हणजे धरण जोत्याखाली गेले, शेतकऱ्याची आशा संपली, कोष्टकातला आकडा शून्यावर आला, तरीही आराखड्याप्रमाणे सुमारे १७० दशलक्ष घनमीटर पाणी, गाळाने खाल्ले असेल तेवढे वजा जाता, तेथे शिल्लकच राहते, आणि पाटबंधारे खात्याच्या भाषेत ज्याला मृतसाठा म्हणतात त्याच पाण्यात जलाशयातील सर्व जीवसृष्टी उन्हाळा काढते. माशांच्या दृष्टीने सिद्धेश्वरचा खरा साठा तो हाच. या पाण्याचा धनी कोण, त्यात कोणते बीज सोडावे आणि कोणते सोडू नये, हा प्रश्न मात्र कोणत्याही कोष्टकात येत नाही; आणि त्या प्रश्नातील सर्वांत निकडीचा जो भाग, म्हणजे चिलापीचा, त्याविषयी स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे असे मला वाटते.

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील हे धरण पूर्णा प्रकल्पाचे दुसरे अंग. वरच्या बाजूला परभणी जिल्ह्यात येलदरीचे मोठे धरण, त्याच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे वीजगृह, आणि तेथून वीज निर्माण करून सुटलेले पाणी झेलून वसमत, परभणी, नांदेडकडच्या कालव्यांत घालणारे हे सिद्धेश्वर, अशी ही रचना १९६८ साली पूर्णत्वास गेली. हिंगोली जिल्हा त्यानंतर एकतीस वर्षांनी, १ मे १९९९ रोजी, परभणीतून वेगळा झाला. वसमतच्या हळदीला जे नाव मिळाले त्यात या पाण्याचा वाटा आहे, हे कोणीही मान्य करील. परंतु ज्या दिवशी पूर्णेचा प्रवाह अडला त्या दिवशी नदीत राहणाऱ्या माशांचे जीवनमान मुळापासून बदलले, आणि एका परदेशी पाहुण्याला राहण्यासाठी अत्यंत सोयीची जागा तयार झाली, ही गोष्ट हळदीच्या जमाखर्चात कोणी मांडली नाही.

हा पाहुणा म्हणजे शास्त्रीय ग्रंथांतील तिलापिया, ज्याला उजनीच्या काठापासून मराठवाड्याच्या बाजारापर्यंत लोक चिलापी म्हणून ओळखतात. एकाच नावाखाली वावरत असले तरी हे मासे एका जातीचे नव्हेत. आफ्रिका खंडात आणि त्याला लागून असलेल्या पश्चिम आशियाच्या पट्ट्यात या गटाच्या सुमारे शंभर जाती आढळतात, आणि प्रत्येकीने आपापले पाणी निवडून घेतलेले आहे. केनियातील मगाडी सरोवराच्या काठी उष्ण झऱ्यांचे पाणी चाळीस अंशांच्या घरात तापलेले आणि सोड्याने इतके क्षारयुक्त असते की इतर मासा त्यात क्षणभर टिकू नये. तेथे बोटभर लांबीची एक जात पिढ्यानपिढ्या नांदते, आणि अशा पाण्यात अमोनिया शरीराबाहेर टाकणे अशक्य असल्यामुळे ती सस्तन प्राण्यांप्रमाणे युरियाचे उत्सर्जन करते. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील खाड्यांत काळ्या हनुवटीची जी जात राहते, तिच्यात अंडी तोंडात सांभाळण्याचे काम नर करतो. निळी तिलापिया आठ-नऊ अंशांपर्यंतची थंडी सोसते. मोझांबिक तिलापिया गोड्या पाण्यातही नांदते, खाडीतही वाढते, आणि समुद्राहून तिप्पट खारट पाण्यातही जगल्याची नोंद आहे. नाईल तिलापियाला एवढा खारटपणा मानवत नाही, परंतु उबदार, स्थिर, शेवाळाने हिरवट झालेल्या गोड्या पाण्यात तिच्याइतक्या वेगाने वाढणारी दुसरी जात सापडणे कठीण. तीन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी इजिप्तमधील नेबामुनच्या थडग्यात चितारलेल्या बागेतील तळ्यात कमळांच्या सोबतीने पोहताना जी दिसते ती हीच. पूर्वी या सर्वांना एकाच वंशात कोंबलेले होते. अंडी व पिले यांची काळजी कोण आणि कशी घेते याच्या आधारे त्यांची नीट विभागणी करण्याचे मोठे श्रेय एथेलविन ट्रेवाव्हास या ब्रिटिश विदुषीकडे जाते, आणि १९८३ साली प्रसिद्ध झालेला तिचा ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानला जातो.

आपल्याकडे प्रथम आली ती मोझांबिकची जात, आणि तीही थेट आफ्रिकेतून नव्हे. १९३९ च्या सुमारास जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर सेरांग नदीच्या मुखाशी मुजाइर नावाच्या एका गृहस्थाला हे मासे आढळले. ते तेथे कसे पोहोचले याचा उलगडा झालेला नाही, पण त्याने ते गोड्या पाण्याच्या तळ्यात वाढवून दाखविले, आणि इंडोनेशियात त्या माशाला आजही त्याचेच नाव आहे. युद्धकाळात व त्यानंतरच्या टंचाईच्या वर्षांत या माशाचा आशियाभर प्रसार झाला. सिंहलद्वीपमार्गे १९५२ साली तो मंडपम् येथे आला आणि तेथून दक्षिणेतील तळ्यांत गेला. स्वस्त प्रथिनांची नड मोठी होती, आणि ज्यांनी तो आणला त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण सात वर्षांच्या आतच, १९५९ साली, देशातील मत्स्यसंशोधन समितीला त्याच्या प्रसारास बंदी घालावी लागली, कारण तोवर तो जेथे गेला तेथे दोन-तीन महिन्यांतच, वीतभरही न होता, प्रजननक्षम होऊन पाणी लहान लहान माशांनी भरून टाकतो आणि मोठ्या जातींचे अन्न खाऊन बसतो, असा अनुभव आला होता. तामिळनाडूतील वैगई, कृष्णगिरी, अमरावती या जलाशयांत पुढे त्याचेच प्राबल्य झाले. राजस्थानातील जयसमंद सरोवरात त्याच्या आगमनानंतर कार्प जातींच्या माशांचे सरासरी वजन उतरले. बंदीचा हुकूम दप्तरात राहिला आणि मासा पाटाच्या पाण्यासारखा गावोगाव पोहोचला.

त्यानंतर आली नाईल तिलापिया, आणि तिच्या मागोमाग तिचेच सुधारलेले रूप, ज्याला गिफ्ट म्हणतात. हे काम १९८८ साली फिलिपाईन्समध्ये सुरू झाले. आफ्रिकेतून व आशियातून नाईल तिलापियाची निरनिराळी कुळे एकत्र आणून, पिढ्यांमागून पिढ्या जोमदार वाढीची निवड करून हे वाण सिद्ध करण्यात आले. त्यामागची विद्या अव्वल दर्जाची आहे आणि तिचा मी मनापासून आदर करतो. नर मादीपेक्षा वेगाने वाढतो म्हणून पिलांना पहिले तीन-चार आठवडे संप्रेरकयुक्त खाद्य देऊन जवळजवळ सर्व पिले नर होतील अशी व्यवस्था करतात, आणि केंद्र शासनाने आपल्याकडे या माशाच्या संवर्धनास जी परवानगी दिली ती अशाच एकलिंगी किंवा वंध्य बीजाच्या, जाळ्यांच्या आणि निचऱ्यावरील बंदोबस्ताच्या अटींवर दिली आहे. परंतु ‘जवळजवळ सर्व’ आणि ‘सर्व’ या दोहोंमध्ये शेकडा दोन-चार माद्यांचे अंतर असते, आणि ज्या जातीची मादी उबदार पाण्यात दर महिना-दीड महिन्याला शेकडो अंडी तोंडात घेऊन पिले वाचवते, त्या जातीच्या बाबतीत ते अंतर क्षुल्लक मानता येत नाही.

आता आपल्या बाजारात काय घडते ते पाहावे. मासळीच्या पाटीत मोठी कटला-रोहू किलोने आणि लहान चिलापी वाट्याने विकली जाते, आणि त्या वाट्यात कोणती जात आहे हे विकणारा सांगत नाही, घेणाराही विचारीत नाही. वास्तविक थोडे निरखून पाहिले तर फरक दिसतो. शेपटीच्या पंखावर बारीक, सरळ, एकाआड एक उभे पट्टे असतील तर ती नाईल कुळातील समजावी. पट्टे नसतील, आणि नर ऐन हंगामातला असून अंगाने काळाकुट्ट, गळ्याखाली पांढरा व पंखांच्या कडेला लालसर असेल, तर ती मोझांबिक. पट्टे तुटक, अर्धवट, पुसट असतील तर बहुधा दोहोंचा संकर, आणि हा तिसरा प्रकार सर्वांत अधिक काळजीचा आहे. पकडीच्या नोंदीत हे तिन्ही प्रकार एकाच रकान्यात जातात, पुष्कळदा तर ‘इतर’ या सदराखाली जातात. ज्या माशावर एवढ्या कुटुंबांची चूल पेटते त्याची जात दप्तराला ठाऊक नसावी, ही मला शासनाची मोठी उणीव वाटते.

सिद्धेश्वरसारख्या जलाशयाला चिलापी का मानवते, याचे उत्तर काठावर प्रत्यक्ष पाहायला मिळते. रब्बीचे आवर्तन सुटून पाणी मागे हटू लागले की उताराच्या ओल्या गाळात परातीएवढे गोल, उथळ खळगे उघडे पडतात, कधी एकमेकांना खेटून, कधी ओळीने. ही चिलापीच्या नरांनी तोंडाने माती उचलून केलेली घरटी. नर तेथे जागा राखून बसतो, मादी येऊन अंडी घालते, फलन होताच ती तोंडात उचलते आणि दूर निघून जाते. मागे उरलेले घरटे उन्हात तडकले तरी तिचे काही बिघडत नाही, कारण तिची संतती तिच्या मुखात सुरक्षित असते, आणि तिला पाण्याच्या पातळीबरोबर खाली सरकता येते. जी मादी दोन-तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहून पिलांना तोंडात सांभाळते, संकट दिसताच त्यांना पुन्हा आत घेते, तिच्याविषयी द्वेष वाटावा असे त्यात काही नाही. निसर्गाने दिलेली ही एक विलक्षण सिद्धी आहे, आणि धरणाच्या चढउताराच्या पाण्यासाठी जणू मुद्दाम घडवलेली आहे.

याउलट कटला, रोहू, मृगळ आणि पूर्णा-गोदेच्या खोऱ्यातील आपले मूळचे मोठे मासे यांना विणीसाठी आषाढ-श्रावणातला पूर हवा असतो. वाहते, चढते, गढूळ पाणी लागले म्हणजेच त्यांची अंडी पक्व होऊन बाहेर पडतात, आणि ती त्याच पुराबरोबर काठच्या उथळ कुरणांत वाहत जाऊन वाढतात. वर खडकपूर्णा, मग येलदरी, मग सिद्धेश्वर असे बांधावर बांध पडल्यावर तो पूर आला तरी तो दरवाज्यांच्या वेळापत्रकाने येतो. त्यामुळे जलाशयातील कटला-रोहूची पैदास माणसाच्या हाती गेली. १९५७ साली हिरालाल चौधुरी व के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीच्या द्रावणाने या माशांची कृत्रिम वीण साधली म्हणून आज मत्स्यबीज केंद्रांतून बोटुकली मिळते. ती नसती तर आपले बहुतेक जलाशय या माशांना मुकले असते. पण बोटुकलीला पैसे पडतात. मक्त्याची रक्कम, बोटुकलीची किंमत, जाळ्यांचा खर्च, आणि ज्या वर्षी येलदरीतून पाणीच आले नाही त्या वर्षीचे नुकसान, हा सर्व बोजा मच्छीमार सहकारी संस्थेच्या माथी येतो. चिलापी मात्र फुकट येते, बारमाही येते, आणि थर्माकोलच्या तराफ्यावर एकटा बसून फेकजाळे टाकणाऱ्या भोई समाजातील माणसाला संध्याकाळच्या पिठामिठापुरते देऊन जाते.

ही बाजू मी पूर्ण जाणतो, आणि तिचा सर्वांत भक्कम दाखला श्रीलंकेचा आहे हेही जाणतो. त्या बेटावर राजेरजवाड्यांच्या काळात बांधलेले सिंचनाचे विस्तीर्ण तलाव आहेत, पोलोन्नरुवाचा पराक्रम समुद्र त्यांपैकी एक. १९५२ नंतर त्या तलावांत हीच मोझांबिक तिलापिया सोडली गेली आणि तिने तेथे अंतर्गत मासेमारीचा एक नवा व्यवसाय उभा केला. ग्रामीण श्रीलंकेच्या ताटात ताजा मासा आला तो तिच्यामुळे, असे तेथील अभ्यासक कृतज्ञतेने म्हणतात. मग सिद्धेश्वरलाच काय हरकत, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्त आहे.

हरकत अशी की श्रीलंकेच्या त्या तलावांत स्थिर पाण्यात वाढणारे मोठे देशी मासे फारसे नव्हते, तिलापियाने एक रिकामी जागा भरली. गोदावरीचे खोरे रिकामे नाही आणि कधीच नव्हते. मुंबई सरकारच्या नोकरीत असलेल्या कर्नल साईक्सने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या माशांची जी यादी प्रसिद्ध केली, ती चाळली तरी या पठारावरील नद्यांची श्रीमंती ध्यानात येते. त्यांतील कित्येक मासे आज मराठवाड्यातील तरुणाने डोळ्यांनी पाहिलेले नसतील. सगळा दोष चिलापीचा नाही. बांध, वाळूउपसा, शहरांचे सांडपाणी, विणीच्या हंगामात बारीक आसाच्या जाळ्यांनी होणारी अविचारी पकड, यांचा हात त्यात मोठा आहे. पण मोडकळीस आलेल्या घरात दुसरा कुटुंबकबिला कायमचा घुसवावा काय, याचा विचार घराच्या हद्दीत राहणाऱ्यांना विचारून व्हायला हवा.

आणि ही हद्द सिद्धेश्वरपुरती मर्यादित नाही. येथून सुटलेले पाणी पूर्णेतून गोदावरीला मिळते, नांदेडजवळ विष्णुपुरीच्या जलाशयात जाते, पुढे राज्याची सीमा ओलांडून तेलंगणात श्रीरामसागरात साठते. एका जलाशयात पिंजरे टाकून वाढवलेले वाण एका वादळी रात्री जाळे फाटून सुटले, तर त्याची जबाबदारी कोणत्या तहसिलीने घ्यायची? व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाईल तिलापिया सोडली गेली, तेव्हा तेथील मच्छीमारांचा शतकानुशतकांचा आधार असलेली स्थानिक जात आज अत्यंत संकटग्रस्त सदरात जाईल असे कोणाला वाटले नव्हते. नाईल पर्च नावाच्या शिकारी माशाचा हात त्यात होताच, परंतु स्पर्धा आणि संकर यांचाही होता. थायलंडमध्ये काळ्या हनुवटीची तिलापिया किनारी कालव्यांत व कोळंबीच्या तळ्यांत इतकी पसरली की २०२४ साली शासनाला ती पैसे देऊन विकत घेण्याची मोहीम काढावी लागली. सर्वांत बोलका दाखला मोझांबिक तिलापियाचा स्वतःचा आहे. जगभर जिच्या उपद्रवाच्या तक्रारी होतात ती जात झांबेझी-लिंपोपोच्या आपल्या मूळ मुलखात आज धोक्याच्या यादीत आहे, कारण संवर्धनासाठी आणलेली नाईल तिलापिया तेथील नद्यांत सुटली आणि संकराने तिचे शुद्ध कूळ नाहीसे होऊ लागले.

म्हणून माझे मत असे आहे की चिलापीच्या बाबतीत शेततळे आणि जलाशय यांना एकच नियम लावणे हीच मूळ चूक आहे. प्लास्टिकचे अस्तर घातलेले, चारही बाजूंनी बंद, उन्हाळ्यात कोरडे करता येणारे शेततळे हे एका खातेदाराच्या मालकीचे, मोजके पाणी आहे. तेथे परवाना घेऊन, सांडव्यावर बारीक जाळी लावून, एकलिंगी बीज आणून कोणी गिफ्ट वाढवीत असेल तर शासनाने त्याला बीज, खाद्य आणि बाजार या तिन्ही बाबतींत मदत करावी. ज्या शेतकऱ्याच्या वाट्याला दर दोन वर्षांआड अवर्षण येते, त्याला सहा महिन्यांत हाती पैसा देणारा हा मासा नाकारण्याचा अधिकार मला नाही. मात्र सिद्धेश्वर, येलदरी, इसापूर यांसारख्या वाहत्या नदीवरील जलाशयांत चिलापीचे नवे बीज, मग ते कोणत्याही वाणाचे असो, उघड्यावर वा पिंजऱ्यात, सोडण्यास संपूर्ण मनाई असावी. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून २०२० पासून जलाशयांतील पिंजरा-संवर्धनाला अनुदान मिळू लागले आहे, आणि अनुदान आले की घाई येते. ही घाई येथे महागात पडेल. पिंजऱ्यांसाठी आपल्याजवळ दुसरे मासे आहेत.

जी चिलापी आधीच पाण्यात आहे ती आता काढून टाकता येणार नाही, तसा आग्रह धरणेही व्यर्थ होय. ती पकडावी, विकावी, खावी. तिच्यावर आकाराचे बंधन घालू नये. उलट लहान चिलापी जितकी निघेल तितकी कटला-रोहूच्या बोटुकलीला जागा मोकळी होईल. मरळ, वाम, शिंगटी हे आपले शिकारी मासे तिच्या पिलांवर आपोआप अंकुश ठेवतात. त्यांची विणीच्या काळातील पकड थांबवली तर तो बंदोबस्त कोणत्याही खर्चाशिवाय होईल. मृतसाठ्याला हात घालून उन्हाळ्यात उपसा करण्याचा प्रसंग टळावा, आणि तो टळत नसेल, पिण्याच्या पाण्याची निकड असेल, तर किती पातळीपर्यंत उपसायचे हे ठरविताना पाटबंधारे खात्याने मत्स्यव्यवसाय खात्याचा अभिप्राय लेखी घ्यावा. कारण ते पाणी संपले तर आपले मासे प्रथम मरतात, आणि लिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षा कमी प्राणवायूवरही काही काळ तग धरणारी चिलापी शेवटी उरते. पुढच्या पावसाळ्यात जलाशय पुन्हा भरतो तेव्हा तो भरतो तिच्याच संततीने.

हे सारे करायचे तर प्रथम मोजदाद हवी. हिंगोलीचे मत्स्यव्यवसाय कार्यालय आणि सिद्धेश्वरच्या काठावरील मच्छीमार संस्था यांना माझी विनंती आहे की पुढील वेळी जलाशयाचा मक्ता देताना करारनाम्यात दोन कलमे घालावीत. पहिले, काठावर उतरणाऱ्या पकडीची जातवार व वजनवार रोजकीर्द संस्थेने ठेवावी, त्यासाठी लागणारा कारकून शासनाच्या खर्चाने द्यावा, आणि चिलापीचे नाईल, मोझांबिक व संकर असे तीन रकाने तीत वेगळे असावेत. दुसरे, सोडलेल्या प्रत्येक बोटुकलीचा दाखला, कोणत्या केंद्रातून, कोणत्या जातीची, किती, हा गावच्या चावडीवर लावावा, म्हणजे पाण्यात काय गेले ते काठावरच्या प्रत्येकाला कळेल. जलाशयाच्या काठी राहणाऱ्या वाचकांनीही हे दोन कागद पाहण्यास मागावेत. ते पाहण्याचा हक्क त्यांचा आहे, आणि ते मागितल्याशिवाय कोणी लिहून ठेवणार नाही.